राजवाड्यातून आणलेली देवी

लतिका निकमला अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं अख्खं मराठी मंडळ ओळखत होतं, पण तिचा आवाज कसा आहे हे विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. गणपतीत ती हॉलच्या मागच्या किचनमध्ये मोदकांना कळ्या पाडत बसायची. संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की खुर्च्यांच्या घड्या घालायला लागायची. जुलैच्या उकाड्यात तळ्याकाठच्या पिकनिकला बाकीच्या बायका बिनबाह्यांच्या कुर्त्यांत हिंडत असताना ही मनगटापर्यंत बाह्या ओढून कणसं भाजत उभी. "तिला थंडी फार वाजते," असं मीनाक्षीकाकू सांगायच्या. मीनाक्षीकाकू मंडळात सगळ्यांत थोरल्या, तेव्हा कोणाला काय वाजतं हे त्यांनीच ठरवायचं. जुलैत वाजणारी थंडी कसली असते ते तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. पण तिचा नवरा सत्यजित मंडळाच्या नाटकांना साउंड लावायचा, कोणाला एअरपोर्टवर सोडायचं असलं की आधी त्यालाच फोन जायचा, शिवाय दिसायला हसतमुख. अशा गुणी माणसाशी वाकड्यात कोण शिरणार?

हा गुणी माणूस घरी बायकोला मारायचा. मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून, माहेरी फोनवर हसली म्हणून. गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर तो. कुठे किती दाब दिला की काय मोडतं, याचा त्याचा अभ्यास दांडगा होता. लतिका त्याच्या व्हिसावर आलेली. नोकरीची परवानगी नाही, पासपोर्ट त्याच्या कपाटात, गाडी चालवता येत नाही. आणि ट्रॉयमध्ये गाडी येत नाही म्हणजे दूध संपलं तरी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मिरजेत ही मुलगी अशी मुकी नव्हती बरं का. नकला करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉलेजचे सर, किराणावाला, आत्या, सगळे तिच्या गळ्यात उतरायचे. शेजारच्या एका मावशींच्या अंगात मंगळवारी देवी यायची. लतिकाने ते घुमणं, तो हुंकार, ती डोळ्यांची बुबुळं वर नेण्याची तऱ्हा इतकी हुबेहूब उचलली होती की एकदा गच्चीवर मैत्रिणींना करून दाखवताना खालून कोणीतरी हळदकुंकवाचं ताट घेऊन धावत वर आलं. आईने त्या दिवशी तिला बदडून काढलं. लग्नानंतर नकला बंद झाल्या.

एका गोष्टीवर मात्र ती दिवस ढकलत होती. त्यांची मुलगी आश्लेषा आठ वर्षांची होती, आणि तिला त्याने कधी हात लावला नव्हता. मला मारतो ना, मारू दे, पोरगी तर सुटली, असं ती मनाला सांगायची. असली समजूत घालून जगणाऱ्या बायकांचा राग येतो, आणि तो राग खरं तर भलत्याच माणसावर असतो हेही कळतं. तरी येतो.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सत्यजितला ऑफिसने जकार्ताला पाठवलं. आश्लेषाला सुट्टी होती, म्हणून त्याने दोघींनाही बरोबर घेतलं आणि येताना बाली करायचं ठरवलं. तीन वर्षांपूर्वी तिथे बॉम्ब फुटल्यापासून हॉटेलं स्वस्त झाली होती, आणि स्वस्त म्हटलं की सत्यजित बॉम्बलाही भीक घालत नसे.

उबुडजवळच्या एका जुन्या राजवाड्यात ते संध्याकाळी नाच बघायला गेले. राजघराण्याची माणसं अजून मागच्या अंगाला राहत होती, पुढचा चौक पाहुण्यांना मोकळा. दारावर दगडात कोरलेले सुळेवाले द्वारपाल, त्यांच्या कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं खरंखुरं कापड नेसवलेलं, कानावर ताजा चाफा. आत शिरताना पाहुण्यांच्याही कमरेला शेला बांधत होते. आश्लेषाला पिवळा मिळाला, ती खूश होऊन स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागली. चौकाच्या दोन्ही बाजूंना वादक मांडी घालून बसले होते. पितळी पट्ट्यांवर त्यांच्या हातोड्या पडायला लागल्या तसा कान फोडणारा, लखलखीत आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला.

पहिल्यांदा सोनेरी कपड्यांत घट्ट गुंडाळलेल्या तीन मुली आल्या. नुसत्या डोळ्यांनी नाचत होत्या. सत्यजितने कॅमेरा काढला आणि बॅटरी संपलेली.

"चार्ज केली नाहीस?" त्याने हसत विचारलं.

"अहो, हॉटेलात प्लग बसला नाही..."

त्याने तिचा हात हातात घेतला. शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईने कौतुकाने बघितलं, काय गोड जोडपं! तेवढ्यात त्याने तिची करंगळी मागे वळवली. हळूहळू, चाचणी घेतल्यासारखी. लतिकाने दात आवळले आणि मुलींच्या नाचाकडे बघत राहिली. करंगळीतून कट्ट आवाज झाला तेव्हा वादकांची लय टिपेला पोचली होती, कोणाला काही ऐकू गेलं नाही.

"बाबा, आय नीड टु गो टु द बाथरूम," आश्लेषा कुजबुजली.

"गप बस."

"बट आय रिअली..."

त्याने मान न वळवता उलट्या हाताची तिच्या तोंडावर मारली. पोरीचं डोकं मागच्या खांबावर आपटलं. ती रडलीसुद्धा नाही. इतकी चकित झाली की तोंड उघडं टाकून बघतच राहिली, आणि पिवळ्या शेल्याखालून तिचा फ्रॉक ओला झाला. इतकी वर्षं जिच्या भरवशावर लतिकाने मार खाल्ला ती समजुतीची भिंत एका थपडेत पडली होती. ती पोरीला कुशीत घेऊन उठायला गेली, तर त्याने तिच्या गुडघ्यावर हात दाबला. "बस. तमाशा नको."

आणि तेव्हाच दगडी दारातून ती आली.

राक्षसीण म्हणा, चेटकीण म्हणा. तिथल्या कथेत ती विधवा आहे, जिला राजाने हाकलून दिलं आणि जिने मग सगळ्या राज्यात रोगराई सोडली. कमरेच्या खालपर्यंत पिंजारलेले केस, छातीपर्यंत लोंबणारी लालभडक जीभ, बटबटीत डोळे, बोटांना वीतवीत नखं. ती नुसती उभी राहून खदखदली तरी पुढच्या रांगेतली मुलं आईबापांच्या मांडीवर चढली. तिला मारायला नागमोडी कट्यारी घेतलेले उघडे पुरुष धावले. तिने हातातलं पांढरं फडकं हलवलं आणि त्यांच्या कट्यारी उलट्या फिरल्या. ते पुरुष स्वतःच्याच छातीत कट्यारी खुपसायला लागले. पाती वाकत होती, कातडीला वळ उठत होते, एकाच्या बरगडीवरून रक्ताचा ओघळ आला. दोन जण जमिनीवर पडून छातीखाली कट्यार धरून तिच्यावर रेलत होते, ओरडत होते. पांढऱ्या कपड्यांतला पुजारी पाणी शिंपडत त्यांच्यामधून फिरला तसे एकेक जण शुद्धीवर आले. एक मात्र येईना. त्याला चौघांनी धरलं तरी तो धनुष्यासारखा वाकत होता, तोंडाला फेस. ते नाटकातलं नव्हतं, हे कोणालाही कळलं असतं.

लतिकाला ओळखीचं वाटलं ते सगळं. मिरजेच्या मावशींचं घर तिच्या डोळ्यांसमोर आलं. गुडघ्यावरचा हात निघाल्याचं तिला उशिरा कळलं. तिने वळून बघितलं.

सत्यजित उभा होता. त्याने बूट काढले होते. मंडळाच्या पार्टीत व्हिस्कीचा ग्लास हलवत "देव बीव सगळं ह्युमन इन्व्हेन्शन आहे यार" म्हणणारा हा माणूस अनवाणी, हात जोडून उभा होता. "आई, चुकलो," तो पुटपुटत होता. "आई, चुकलो. पाया पड, लतिका, पाया पड तिच्या. केस सोडलेत तिने."

हॉटेलकडे परतताना गाडीत तो बोलला. कऱ्हाडला त्याच्या आईच्या अंगात यायचं, नवरात्रात आणि एरवीही. त्याचा बाप कमरेचा पट्टा काढून साऱ्या घराला फोडून काढायचा, पण आईने केस सोडले की तोच बाप तिच्या पायांवर लोळण घ्यायचा. आई लग्नाआधीच गेली, त्यामुळे लतिकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तू बघितलं नाहीस ते," तो म्हणाला. "मी लहान होतो. फार भीती वाटायची." बोलता बोलता त्याने तिची सुजलेली करंगळी बघितली आणि काचेबाहेर तोंड फिरवलं. लतिकाने पोरीचे केस कुरवाळत त्याच्याकडे टक लावून बघितलं. तो कशाला भितो ते तिला आज कळलं होतं.

ट्रॉयला परतल्यावर सप्टेंबरात एका रविवारी आश्लेषाच्या हातून त्याच्या लॅपटॉपवर दूध सांडलं. तो दंड धरून तिला ओढत जिन्याकडे नेत होता. लतिका ओट्याशी होती. तिने अंबाड्यातल्या पिना ओढून काढल्या, केस तोंडावर घेतले, गुडघ्यांवर आपटली आणि पोटातून हुंकार दिला. इतक्या वर्षांनी गळा साथ देईल का याची तिला खात्री नव्हती. पण मिरजेच्या मावशी ट्रॉयच्या किचनमध्ये जशाच्या तशा उतरल्या.

"कोण रे तू? माझ्या लेकराला हात लावतोस? हात झडून पडेल मेल्या!"

सत्यजितने पोरीचा दंड टाकला आणि सरळ आडवा झाला. टाइलवर कपाळ टेकून, सहा फुटी इंजिनिअर. मग धावत जाऊन कुंकू आणलं, तिच्या कपाळाला फासलं, "आई, काय पाहिजे सांग" म्हणून विनवायला लागला. घुमता घुमता लतिकाला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही त्या आरोळीत खपून गेलं.

मग काय विचारता! देवीला पुष्कळ गोष्टी हव्या व्हायला लागल्या. देवीला लेकीच्या अंगाला कोणी हात लावलेला नको होता. देवीला सिंहावर बसून जायचा कंटाळा आला होता, तिला गाडी शिकायची होती. सत्यजितने तिला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, म्हणजे तिथल्या आरटीओत, लायसनच्या परीक्षेला नेलं आणि बाहेर हात जोडून थांबला. बातमी फुटायची ती फुटलीच. मीनाक्षीकाकू खण, नारळ, तांदूळ घेऊन ओटी भरायला आल्या. जिच्या दंडावरचे डाग इतकी वर्षं दिसले नाहीत तिच्या पायांवर त्यांनी पदर खांद्यावरून घेऊन डोकं टेकलं. लतिकाच्या मनात आलं, एक सणसणीत लाथ घालावी. देवीला ती शोभलीही असती.

पण देवी उतरली की मागे लतिकाच उरायची, आणि लतिकाला तो मारतच होता. फक्त आता मारण्याआधी तो देवघराचं दार लावून घ्यायचा. ती ते सोसत होती, कारण पोरगी सुटली होती. आश्लेषा निर्धास्त झाली होती. तिने शाळेत चित्र काढलं, मोठ्या केसांची लाल बाई आणि तिच्या मागे लपलेली मुलगी. देवी आपल्या घरात राहते, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. ते खोटं आहे असं तिला सांगावंसं लतिकाला बऱ्याचदा वाटलं. पण लहान पोर, बापाजवळ बोलून गेली तर? म्हणून तिने सांगितलं नाही. चूक झाली ती तिथे.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी लतिका स्वतः गाडी चालवत भाजी आणायला गेली होती. सत्यजितचं प्रमोशन आदल्या दिवशी हुकलेलं, तो धुमसत होता. आश्लेषाने टीव्ही बंद केला नाही म्हणून त्याने हात उगारला, तर पोरीने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "देवी विल पनिश यू." बरोबर होतं तिचं. तिच्या अनुभवाला धरून होतं. पण देवी बाजारात गेली होती. सत्यजितने देवघराचं दार लावलं आणि कमरेचा पट्टा काढला.

लतिका पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा आश्लेषा सोफ्याच्या मागे अंगाचं मुटकुळं करून पडली होती आणि पट्टा तिच्या पाठीवर, दंडांवर, मानेवर सपासप पडत होता. पोरगी "देवी, देवी" म्हणत होती. लतिकाच्या हातातून पिशव्या पडल्या. ओट्यावरचं लाटणं तिने कधी उचललं ते तिला आठवत नाही. पहिला घाव त्याच्या कानावर बसला, दुसरा भुवईवर. भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. झटापटीत तिचा अंबाडा सुटला आणि तिच्या गळ्यातून अशी किंकाळी निघाली की शेजारच्या घरातल्या म्हातारीने पोलिसांना फोन केला. तेव्हा ती नक्कल करत होती की काय होत होतं, हे तिला आजही सांगता येत नाही. मोकळे केस बघताच सत्यजित मात्र गुडघ्यांवर आला. देवघर उघडून मूठभर कुंकू घेतलं, तिच्या कपाळावर ओतलं. "आई, चुकलो, आई, चुकलो." ती त्याच्या खांद्यांवर लाटणं हाणतच होती.

दोन पोलीस आत आले, एक पुरुष, एक बाई. त्यांना काय दिसलं ते बघा. रक्ताने माखलेला एक माणूस गुडघ्यांवर, हात जोडून. त्याच्यापुढे केस सोडलेली बाई, कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल, हातात लाकडी दांडा, तोंडाने न कळणाऱ्या भाषेत आरडाओरडा. तुम्ही असता तर तुम्हीही तेच समजला असतात.

"ड्रॉप इट, मॅम! ड्रॉप इट नाउ!"

तिने लाटणं टाकलं. सत्यजितची नजर क्षणात बदलली. अंगात आलेल्या बायकोपुढे तो पोरासारखा असायचा, पण युनिफॉर्मपुढे त्याला त्याचं इंग्लिश आठवलं.

"ऑफिसर, प्लीज बी जेंटल. माय वाइफ इज नॉट वेल. शी गेट्स दीज एपिसोड्स. शी बीट माय डॉटर विथ अ बेल्ट."

पोलीसबाईने आश्लेषाजवळ बसून तिची फाटलेली बाही वर केली. "हनी, हू डिड धिस?"

आश्लेषाने बापाकडे बघितलं. बापाने तिच्याकडे बघितलं.

"आय फेल," ती म्हणाली.

दुसऱ्या पोलिसाने बेड्या काढल्या आणि लतिकाला वळायला सांगितलं. पुढचं सगळं तिला लख्ख दिसलं. आपल्याला नेतील, ठाण्यात नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात, आणि पोरगी या घरात या माणसाबरोबर राहील. आपण देवी राहिलो तर पोरगी जाते. देवी नव्हतो म्हटलं तर हा पुन्हा कधी भिणार नाही. विचार करायला वेळ नव्हता. तिने दोन्ही हातांनी केस गोळा केले, घट्ट गाठ मारली, आणि रोजच्या आवाजात, मराठीत, त्याच्याशी बोलली. लग्नानंतर पहिल्यांदाच अरेतुरे करून.

"सत्यजित, ऐक. देवी नव्हती. कधीच नव्हती. मिरजेच्या एका बाईची नक्कल करत होते मी. तू माझ्या पायांवर डोकं घासत होतास, माझ्या. आणि तुझ्या आईच्या अंगातही काही येत नसणार. तुझ्या बापाच्या पट्ट्यातून तुला वाचवायला बिचारी घुमत होती. आणि तू तोच पट्टा उचललास."

त्याने मारावं म्हणून ती बोलली. आत्ता, या दोघांच्या देखत. त्याला ती पुरती ओळखत होती.

सत्यजितचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तो गुडघ्यांवरूनच उसळला. पोलीस मध्ये पडायच्या आत त्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली, ती ओट्यावर आदळली, आणि तो तिच्या पोटात लाथा घालत ओरडत होता, "यू मेड अ फूल ऑफ मी! माय मदर! माय मदर!" दोघांनी त्याला कार्पेटवर पालथा पाडला तरी तो पाय झाडत होता. बेड्या त्याच्या हातांत गेल्या. लतिका ओट्याला टेकून तोंडातलं रक्त थुंकत होती, त्यात दोन दात होते. आश्लेषा उठून उभी राहिली आणि पोलीसबाईला आपण होऊन म्हणाली, "ही डिड इट. ही ऑल्वेज हिट्स हर. टुडे ही हिट मी."

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत दोघी एका खाटेवर बसल्या होत्या. आश्लेषाच्या पाठीला मलम लावून झालं होतं. लतिकाच्या हिरड्यांत कापूस भरलेला, पोटावर पट्टा. इतक्या वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"आई," आश्लेषाने विचारलं, "सो देअर वॉज नो देवी?"

"नव्हती गं."

"इट वॉज जस्ट यू? ऑल द टाइम?"

"हो. मीच होते." लतिकाने हात पसरले. पोर आता गळ्यात पडणार, असं तिला वाटलं.

आश्लेषा जागची हलली नाही. आईकडे ती अशी बघत होती की जणू आज पहिल्यांदा भेटली.

"देन यू कुड हॅव स्टॉप्ड हिम बिफोर," ती म्हणाली.

हेच पुढे वकिलाने विचारलं, जज्जने विचारलं, मीनाक्षीकाकूंनी तर मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत विचारलं. त्या सगळ्यांना लतिकाने व्हिसा सांगितला, पासपोर्ट सांगितला, मिरजेची माणसं काय म्हणाली असती ते सांगितलं, आणि काकूंना वर चार शब्दही सुनावले. आपल्या लेकीला मात्र तिने त्या संध्याकाळी यातलं काहीच सांगितलं नाही. पसरलेले हात तिने मांडीवर घेतले.

"हो," ती म्हणाली. "थांबवता आलं असतं."